चौथ्या वर्षाचा मान

'ऑनर्स' हा शब्द आता आपल्या नांदेड-लातूरकडच्या घरांतही येऊन पोचला आहे. मुखेड-किनवटचा, निलंगा-अहमदपूरचा मुलगा घरी येऊन विचारतो, "अण्णा, तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडू, की चौथं वर्ष करून ऑनर्स घेऊ?" अण्णांना त्यातलं एवढंच कळतं, की आणखी एक वर्ष खोलीचं भाडं आणि खाणावळीचे पैसे. त्यांचं चुकतं असं मुळीच नाही. पण निर्णय करायचा तर शब्दाचा अर्थ आधी नीट समजून घेतला पाहिजे.

पुष्कळांना वाटतं, ऑनर्स म्हणजे पहिला वर्ग. तसं नाही बरं का. पहिला वर्ग हा गुणांचा हिशेब आहे, ऑनर्स हा कामाचा. १८०० साली इंग्लंडातल्या ऑक्सफर्ड विद्यापीठानं परीक्षेचे नवे नियम केले. साधी पदवी सगळ्यांना होतीच; पण ज्याला आपली अधिक कसोटी लागावी असं वाटे, त्यानं आपण होऊन जास्त अवघड परीक्षेला बसावं. 'आपण होऊन' हे त्यातलं मर्म. केंब्रिजची गणिताची ट्रायपॉस ही अशीच ऑनर्सची परीक्षा. तिच्या पहिल्या वर्गात येणाऱ्यांना 'रँग्लर' म्हणत. दापोली तालुक्यातल्या मुर्डी या खेड्यात जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली त्या परीक्षेत 'सीनियर रँग्लर' झाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. 'रँग्लर परांजपे' हे नाव आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी होतं, ते त्यावरूनच.

ही पद्धत पुढे ज्या संस्थांनी आपापल्या परीनं जोपासली, त्यांत कॅथॉलिक पंथाच्या, विशेषतः जेझुइट पाद्र्यांच्या संस्था आहेत. मराठी माणसाला हे पाद्री परके नाहीत. मराठीतलं 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर स्टीफन्स जेझुइटच. १५७९ साली ते गोव्यात आले आणि त्यांचं पुराण १६१६ साली छापलं गेलं. या संघानं १५९९ सालीच आपल्या शाळा-महाविद्यालयांसाठी शिक्षणाची सविस्तर नियमावली तयार केली होती. विद्यार्थ्यानं नुसतं ऐकून घेऊ नये, ऐकलेलं पुन्हा मांडावं, त्यावर वाद करावा, आपलं म्हणणं पटवून द्यावं, यावर तिचा भर होता. अमेरिकेतलं बॉस्टन कॉलेज हे असंच जेझुइटांचं विद्यापीठ. तिथल्या ऑनर्स वर्गात अनेक वर्षं विद्यार्थी लहान गटात बसून मूळ ग्रंथ वाचत, चर्चा करीत आणि शेवटच्या वर्षी स्वतःचा प्रबंध लिहीत.

इतकं लांब कशाला, आपल्या मुंबईतच पाहू. धोबीतलावाजवळचं सेंट झेवियर्स कॉलेज जेझुइटांनी १८६९ साली काढलं आणि २०१० साली ते स्वायत्त झालं. नेमलेल्या अभ्यासापलीकडे आपखुशीनं काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तिथं ऑनर्सचा कार्यक्रम चालवला गेला. सर्वच विद्यार्थ्यांनी ठरावीक तास समाजात जाऊन काम करावं, असाही तिथला दंडक आहे. पण हे सारं एकदम उगवलेलं नाही. त्याच कॉलेजात फादर हेरास यांनी १९२६ साली इतिहास संशोधनाची संस्था काढली आणि विद्यार्थ्यांना मूळ साधनांपाशी नेऊन बसवलं. तिथलेच फादर सांतापाव हे वनस्पतिशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं खंडाळ्याच्या घाटात हिंडले. तिथल्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ साली निघाला. गुरुजी स्वतःच शोधात गुंतलेले असले, की विद्यार्थ्यालाही शोध म्हणजे काय ते कळतं. ऑनर्सचं खरं बीज तिथं आहे.

आता आपल्याकडच्या नियमाकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा आराखडा जाहीर केला. महाराष्ट्रात तो स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि इतर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. यात अभ्यास 'श्रेयांकां'त मोजतात. वर्गातले १५ तास म्हणजे एक श्रेयांक; प्रयोगशाळेतलं काम असेल तर ३० तासांना एक. तीन वर्षांत किमान १२० श्रेयांक झाले, की साधी पदवी. चौथ्या वर्षासह १६० झाले, की ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असतील, तर चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प घेता येतो. मग पदवी मिळते ती 'संशोधनासह ऑनर्स'. ज्याला प्रकल्प नको, त्यानं त्याऐवजी वरच्या पातळीचे विषय शिकायचे.

आणि खर्चाचं काय? इथं एक साधा हिशेब मांडू. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. किंवा एम.एस्सी. दोन वर्षांचं असतं, एकूण पाच. ऑनर्सनंतर ते एका वर्षाचं होऊ शकतं. एकूण पुन्हा पाचच. म्हणजे ज्याला पुढे शिकायचंच आहे, त्याचं वर्ष वाया जात नाही. उलट ज्याला पदवी घेऊन स्पर्धा परीक्षा द्यायची आहे किंवा घर सावरायचं आहे, त्याला तीन वर्षांची पदवी पुरते. तो कमी ठरत नाही. चौथं वर्ष हा हक्क आहे, सक्ती नव्हे. मात्र दुसऱ्या वर्षातच महाविद्यालयात जाऊन विचारावं, की आपल्या विषयाचं चौथं वर्ष इथं आहे का, संशोधनाला मार्गदर्शक आहे का. सहावं सत्र संपल्यावर विचारणं म्हणजे पेरणी झाल्यावर बियाण्याची चौकशी करणं.

शिक्षक मित्रांनो, आता थोडं आपल्याविषयी. 'लातूर पॅटर्न'नं खेड्यातल्या मुलांना मेहनतीची शिस्त लावली, सरावाची ताकद दाखवली, आणि त्यांतली कितीतरी मुलं डॉक्टर-इंजिनिअर झाली. ते मोल कमी लेखू नये. पण त्या सरावात प्रश्न दुसऱ्यानं काढलेला असतो आणि उत्तर आधीच ठरलेलं असतं. ऑनर्सच्या वर्षी प्रश्नच विद्यार्थ्याला काढायचा असतो. नव्वद टक्के मिळवणारा मुलगाही तिथं गोंधळतो. "सर, कोणत्या गाइडातून करू?" असं विचारतो. त्याला दोष देऊन काय उपयोग? त्याला प्रश्न विचारायची सवय आपण कधी लावली?

आणि प्रश्नांना आपल्या भागात तोटा थोडाच आहे! एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मग आपल्या गावातल्या कोणत्या विहिरी कोणत्या महिन्यात आटतात आणि का, हा भूगोलाचा प्रकल्प झाला. देगलूर-बिलोलीच्या बोलीत तेलुगू शब्द कसे मिसळले, हा भाषेचा. कंधारचा किल्ला, होट्टलची मंदिरं, एखाद्या वाड्यातलं मोडी दप्तर, हा इतिहासाचा. यांना मुंबईची मोठी इमारत लागत नाही. लागते ती वही, चिकाटी आणि शेजारी बसून वाचणारा, चुका दाखवणारा गुरू. नरहर कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवत, पुढे तिथले प्राचार्य झाले. नांदेडात राहूनच त्यांनी केलेल्या लेखनाची साऱ्या महाराष्ट्राला दखल घ्यावी लागली.

धोका आहे तो दुसराच. चौथ्या वर्षाचा प्रकल्प इकडून तिकडून उतरवून घेतला, बांधणी करून सही घेतली, की ऑनर्सचा मान कागदावर उरेल आणि त्या घरानं काढलेले वर्षाचे पैसे मात्र खरोखर गेलेले असतील. तेव्हा पालकांनो, मुलाला 'किती टक्के पडले?' हे जरूर विचारा. पण 'तू कोणता प्रश्न हाती घेतलास?' हेही विचारा. आणि शिक्षकांनो, आठवी-नववीच्या वर्गातच आठवड्यातून एक तास असा ठेवा, की ज्यात प्रश्न मुलं काढतील आणि उत्तर आपल्यालाही ठाऊक नसेल. चौथ्या वर्षाची खरी तयारी त्या तासाला सुरू होते.