कीबोर्डवरचा दिवा आणि डोळ्याचा कोपरा

शिरोली एमआयडीसीतल्या मध्यम आकाराच्या कुठल्याही फाउंड्रीत आता भट्टीच्या जोडीने कॉम्प्युटरही कामाला जुंपलेला असतो. वितळलेल्या धातूत कार्बन किती, सिलिकॉन किती, हे सांगणारा स्पेक्ट्रोमीटर, पॅटर्नचे ड्रॉइंग, व्हीएमसी मशीनला द्यायचा प्रोग्रॅम, पुण्याच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर, जीएसटीचे बिल, कामगारांची हजेरी, हे सगळे नेटवर्कच्या तारेवरून ये-जा करते. ही तार ज्या डब्याला जोडलेली असते, तो नेटवर्क स्विच मात्र टेबलाखाली किंवा भिंतीवरच्या पत्र्याच्या कपाटात पडून असतो. माहिती आली-गेली की त्याच्यावरचे बारीक दिवे लुकलुकतात. पण काळ्या धुळीच्या थराआडचे ते दिवे बघायला वाकणार कोण?

तेच दिवे समोरच्या कीबोर्डवर आणता येतात. युक्ती जुनी आहे, फुकटची आहे आणि तिच्यात इंजिनीअरिंगइतकेच डोळ्याचे शास्त्रही आहे.

कीबोर्डच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात तीन दिवे असतात : नम लॉक, कॅप्स लॉक आणि स्क्रोल लॉक. आयबीएमच्या १९८१ सालच्या पहिल्या पीसीच्या कीबोर्डवर हे दिवे नव्हते. कॅप्स लॉक चालू आहे की बंद, ते अक्षरे उमटल्यावरच कळे. १९८४ मध्ये पीसी-एटी आला, तेव्हा दिवे आले. बहुतेकांना वाटते की बटण दाबले की कीबोर्डच आपला दिवा लावतो. तसे नाही. कीबोर्ड फक्त ‘बटण दाबले गेले’ एवढा निरोप कॉम्प्युटरला पाठवतो आणि दिवा लावण्याचा हुकूम कॉम्प्युटरकडून परत येतो. दिव्याची मालकी कॉम्प्युटरकडे असल्यामुळे बटणाला हात न लावताही त्याला तो पेटवता-विझवता येतो. लिनक्सवर ‘टीलेड्स’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम हेच करतो. नेटवर्कवरून माहिती आत आली की एक दिवा मिचकावतो, बाहेर गेली की दुसरा. विंडोजसाठीही असे प्रोग्रॅम निघाले. कॅप्स लॉकला सहसा हात लावत नाहीत, कारण पासवर्ड टाकताना तो दिवा खरे बोललेला बरा. स्क्रोल लॉकचा दिवा सापडतो तो बहुधा रिकामाच. एक्सेलमध्ये चुकून ते बटण दाबले जाऊन बाणांच्या कळा भलतीकडे पळू लागेपर्यंत त्याची कुणाला आठवण होत नाही.

हुकूम परत येण्याच्या या पद्धतीचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारे आणखी एक उपयोग करतात. पडदा गोठला, माउस हलेना, की ते नम लॉकचे बटण दोन-तीनदा दाबतात. दिवा बदलला तर यंत्राच्या आत अजून कुणीतरी जागे आहे, नाही बदलला तर सगळे ठप्प. अपघात विभागात बेशुद्ध रुग्णाच्या डोळ्यात टॉर्च मारून डॉक्टर बाहुली आकसते का ते बघतात, त्यातलाच हा प्रकार. तिथेही निरोप आत जातो, मेंदूच्या देठातून हुकूम परत येतो आणि बाहुली हलते. मधली वाट तुटली असेल तर टॉर्च कितीही मारा, बाहुली ढिम्म राहते.

आता डोळ्याकडे. आपण वाचतो ते दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावरच्या चिमुकल्या ठिपक्याने. रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकूपेशी तिथे दाटीने बसलेल्या असतात. डोळ्यात त्या एकूण सुमारे ६० लाख, तर दंडपेशी सुमारे १२ कोटी. या दंडपेशी मध्यबिंदूवर नसतातच. मध्यापासून साधारण २० अंश दूर त्यांची गर्दी सर्वाधिक असते. म्हणून अंधुक तारा पाहायचा तर आकाशनिरीक्षक त्याच्याकडे थेट न बघता किंचित बाजूला बघतात. डोळ्याच्या कोपऱ्याला अक्षर वाचता येत नाही, पण हालचाल आणि लुकलुक तो चटकन टिपतो. पडद्याकडे नजर असलेल्या माणसाला कीबोर्डवरचा दिवा नेमका अशा कोपऱ्यात, नजरेच्या खालच्या अंगाला येतो.

दुसरी गोष्ट स्वित्झर्लंडच्या इग्नाझ ट्रॉक्स्लर या वैद्याने १८०४ मध्ये नोंदवली. नजर एका जागी खिळवून ठेवली तर कोपऱ्यातली न बदलणारी वस्तू हळूहळू विरून जाते. वस्तू जागेवरच असते, मेंदू तिची दखल घेणे सोडून देतो. सतत जळणारा दिवा याच कारणाने थोड्या वेळाने ‘दिसेनासा’ होतो. मिचकावणारा होत नाही, कारण प्रत्येक मिचकावणे ही नवी बातमी असते. स्थिर दिव्यापेक्षा मिचकावणारा दिवा चांगला पहारेकरी ठरतो, तो यामुळे.

या दिव्याचा रंगाशी फारसा संबंध नसतो, हाही एक फायदा. लाल-हिरव्यात गल्लत होणारे पुरुष युरोपीय वंशात सुमारे ८ टक्के आहेत. आपल्याकडे हे प्रमाण त्याहून कमी असले, तरी मोठ्या कारखान्यात असे चार-दोन जण निघतातच. त्यांना लाल दिवा ‘धोका’ आणि हिरवा ‘ठीक’ ही भाषा अडचणीची वाटते. लुकलुकते की नाही, हे मात्र सगळ्यांना सारखेच दिसते.

मग दिव्याऐवजी आवाज का नको? शिरोलीत याचे उत्तर कानाशी आहे. मोल्डिंग मशीनचे दणके, शेकआउट, फेटलिंगचे ग्राइंडर यांच्यात बीप कुणाला ऐकू जाणार? आपल्या कारखाना नियमांत ८ तासांच्या पाळीसाठी आवाजाची कमाल मर्यादा ९० डेसिबल आहे. वर्षानुवर्षे गोंगाटात काम करणाऱ्याची ऐकण्याची ताकद पहिल्यांदा घटते ती ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांत. यूपीएससारख्या यंत्रांतले बारीक बझर पुष्कळदा याच पट्ट्यात किंवा त्याच्या शेजारी वाजतात. वीस वर्षे शॉपवर काढून ऑफिसात आलेल्या सुपरवायझरला यूपीएस ओरडत असल्याचे शेजारच्या पोराने सांगावे लागते, त्यात दुर्लक्षाचा भाग थोडा आणि कानाचा जास्त असतो.

नेटवर्कची हालचाल नजरेच्या कडेला ठेवण्याची कल्पना एके काळी फार देखण्या रूपात मांडली गेली. अमेरिकेतल्या झेरॉक्सच्या पालो अल्टो संशोधन केंद्रात नताली जेरेमिजेन्को या कलावतीने छताला एक छोटी मोटर लावून तिला आठ फूट लांबीची प्लॅस्टिकची दोरी टांगली. मोटर नेटवर्कच्या तारेला जोडलेली. तारेतून माहिती गेली की दोरीला हलकासा हिसका बसे. नेटवर्क शांत असले की दोरी अधूनमधून थरथरे, गर्दी झाली की गरगर फिरे. मार्क वायझर आणि जॉन सीली ब्राउन यांनी १९९५ मध्ये तिच्याविषयी लिहिले, ते ‘शांत तंत्रज्ञाना’चे उदाहरण म्हणून. गरज असेल तेव्हा लक्ष वेधणारे आणि एरवी गप्प कोपऱ्यात राहणारे यंत्र, अशी त्यांची कल्पना. आजचा मोबाइल नेमका याच्या उलट वागतो.

या दिव्यावरून कळते काय, हा खरा प्रश्न. नाडी पाहून डॉक्टरला जेवढे कळते, साधारण तेवढेच. नाडी वेगाने चालते आहे, एवढे बोटांना समजते. ताप आहे, भीती आहे, रक्तस्राव आहे की रुग्ण नुकताच जिना चढून आला आहे, ते नाडी सांगत नाही. दिवाही ‘काहीतरी जाते आहे’ एवढेच सांगतो. ते बिल आहे, विंडोजचे अपडेट आहे की कारखान्याची सगळी ड्रॉइंग कुणी उचलून नेतो आहे, हे त्याला ठाऊक नसते. शिवाय निरोगी कॉम्प्युटरही अगदी गप्प कधीच नसतो. बॅकअप, अँटिव्हायरस, शेजारच्या प्रिंटरची चौकशी, असे काही ना काही चालूच असते. म्हणून आधी आपल्या यंत्राची नेहमीची चाल माहीत हवी. आठ-दहा दिवस दिवा नजरेच्या कडेला राहिला की ती आपोआप ओळखीची होते. मग जेवणाच्या सुट्टीत कुणी काम करत नसताना बाहेर जाणाऱ्या माहितीचा दिवा अर्धा-पाऊण तास जवळजवळ न थांबता फडफडत राहिला, तर ते खटकते. खटकले की टास्क मॅनेजर उघडून कोणता प्रोग्रॅम नेटवर्क वापरतो आहे ते पाहायचे. नाडीनंतर रक्ताची तपासणी करतात, तसे.

असे खटकण्याला मोल आहे, हे मोठ्या संस्थांनीही अनुभवले आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’चे सर्व्हर रॅन्समवेअरने बंद पाडले. सुमारे दोन आठवडे नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, भरती, सगळे कागदावर हाताने चालवावे लागले. तो हल्ला कीबोर्डच्या दिव्याने टळला असता, असे कुणी म्हणणार नाही. पण आजकालच्या पुष्कळ रॅन्समवेअर टोळ्या फाइलींना कुलूप घालण्याआधी त्यांच्या प्रती बाहेर पळवतात. त्या वेळी तार धावत असते आणि कुणी बघत असेल तर ते दिसते. अडचण इतकीच की चोर बहुधा रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी येतो, तेव्हा कीबोर्डसमोर कुणीच नसते. हळूहळू, थेंबाथेंबाने नेलेली माहितीही दिव्यावर ओळखू येत नाही. फायरवॉल आणि वेगळ्या डिस्कवर, तारेपासून तोडून ठेवलेला बॅकअप यांची जागा दिवा घेऊ शकत नाही.

संशय पक्का वाटला तर पहिले काम म्हणजे नेटवर्कची तार उपसणे आणि वायफाय बंद करणे. घाईने फॉरमॅट मारू नये, पुरावा जातो. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेला अशा घटनेची माहिती ६ तासांत देणे २०२२ च्या निर्देशांनुसार लहान उद्योगांनाही बंधनकारक आहे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा.

दिव्याला एक उलटी बाजूही आहे. तो आपल्याशी बोलतो, तसा दुसऱ्याशीही बोलू शकतो. २००२ मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले की त्या काळच्या मोडेमच्या दिव्याची लुकलुक दुरून प्रकाशसंवेदकाने टिपली, तर तारेतून जाणारी माहितीच वाचता येते. कीबोर्डच्या दिव्यांतून मुद्दाम माहिती बाहेर पाठवता येते, हेही त्यांनी मांडले. पुढे २०१९ मध्ये इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी नेटवर्कला अजिबात न जोडलेल्या कॉम्प्युटरमधून फक्त या दिव्यांच्या मिचकावण्यातून माहिती काढून दाखवली. योग्य संवेदक असेल तर एका दिव्यातून सेकंदाला सुमारे ३००० बिट जातात. अशी उघडझाप डोळ्याला दिसतही नाही, दिवा नुसता जळतो आहे असेच वाटते. मात्र त्यासाठी आधी त्या यंत्रात घातक प्रोग्रॅम शिरलेला असावा लागतो आणि समोर कॅमेरा किंवा संवेदक लागतो. शिरोलीतल्या फाउंड्रीने या भीतीने झोप घालवण्याचे कारण नाही. जास्त खरा धोका वेगळाच आहे : दिवे मिचकावणारा प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणाहून उतरवून घेणे आणि त्याच्याबरोबर चोरालाही घरात घेणे. हिशेबाच्या कॉम्प्युटरवर असे प्रयोग करू नयेत.

लुकलुकीने फिट येते का, असा प्रश्न कुणाच्या मनात येईल. फिट्सच्या रुग्णांपैकी सुमारे ३ टक्क्यांना सेकंदाला ३ ते ३० वेळा होणाऱ्या झगमगाटाचा त्रास होऊ शकतो. पण त्यासाठी नजरेचा बराच मोठा भाग उजळावा लागतो. मोहरीएवढ्या दिव्याने तसे होण्याची शक्यता नगण्य आहे. त्रास होतो तो सवयीचा. अतिदक्षता विभागात दिवसभर वाजणारे अलार्म परिचारिकेच्या कानाला ऐकू येईनासे होतात, तसे सहा दिवे सतत नाचवले तर सातव्या दिवशी एकही दिसत नाही. दोन दिवे पुरेत.

हल्ली बिनतारी कीबोर्डवर पुष्कळदा दिवेच नसतात. त्यांच्यासाठी सोपी सोय म्हणजे तो नेटवर्क स्विच टेबलाखालून काढून, काचेच्या दाराच्या पेटीत, बसणाऱ्याच्या एका बाजूला डोळ्यांच्या पातळीवर लावणे. आठवड्यातून एकदा वीज बंद करून त्याच्यावरची धूळ किंचित ओलसर फडक्याने पुसून घ्यावी. शॉपवरच्या हवेच्या पाइपने ती कधीही उडवू नये. फाउंड्रीतल्या त्या धुळीत वाळूची बारीक सिलिका असते, आणि उडालेली सिलिका श्वासावाटे थेट फुप्फुसात जाऊन बसते.