‘आत्महत्या 50 टक्क्यांनी घटल्या’: असा दावा कसा तपासायचा?

‘आमच्या उपक्रमामुळे आदिवासी भागातल्या आत्महत्या निम्म्यावर आल्या’ अशी पोस्ट दिसली की आपण लगेच शेअर करतो. पण हा निष्कर्ष काढला कसा?

छोट्या आकड्यांची अडचण

जुन्या पुणे-मुंबई महामार्गावरच्या सोमाटणे फाट्यापासून मावळच्या डोंगराकडे गेलं की कातकरी, ठाकर, महादेव कोळी समाजाच्या वस्त्या लागतात. समजा, अशा वस्त्यांत मिळून 10 हजार लोक राहतात आणि वर्षाला दोन आत्महत्या होतात. पुढच्या वर्षी एक झाली, तर घट 50 टक्के! तीन झाल्या, तर वाढ 50 टक्के. उपक्रम नसतानाही असा चढउतार होतो. त्यामुळे एका वर्षाच्या आकड्यावरून काहीच ठरत नाही.

त्यात नोंदींचा प्रश्न आहे. ‘एनसीआरबी’च्या वार्षिक अहवालात आत्महत्यांची वय, शिक्षण, व्यवसायानुसार माहिती मिळते, जमातीनुसार नाही.

मग मोजायचं काय?

मृत्यूच्या आधीचे टप्पे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्य कार्यक्रम राबवला गेला. ही गावं खास आदिवासी नव्हती, पण मोजण्याची पद्धत शिकण्यासारखी आहे. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण 18 महिन्यांत 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेलं. वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचं सांगणारे 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आले. मात्र तुलनेसाठी कार्यक्रम नसलेली गावं घेतली नव्हती, म्हणून सगळं श्रेय कार्यक्रमाला देता येत नाही.

समाजानेच नोंद ठेवली तर?

अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या व्हाइट माउंटन अपाची जमातीने आत्महत्या, प्रयत्न आणि तसे विचार यांची माहिती कळवणं स्वतःच बंधनकारक केलं. माहिती आली की जमातीतलेच प्रशिक्षित कार्यकर्ते त्या व्यक्तीला जाऊन भेटतात. 2001 ते 2006 या काळात तिथे लाखामागे 40 आत्महत्या होत होत्या. 2007 ते 2012 मध्ये हे प्रमाण 24.7 झालं. याच काळात देशभरातलं प्रमाण घटलं नव्हतं. इथे सहा-सहा वर्षांची तुलना केली आहे, हे महत्त्वाचं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. उपक्रम सुरू झाल्यावर ‘प्रयत्नां’च्या नोंदी वाढल्या, तर तो अपयशी ठरला असं नाही. लोक लपवायचं सोडून सांगू लागले, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

शेअर करण्याआधी चार प्रश्न

• किती वर्षांचे आकडे आहेत?
• तुलना कुणाशी केली?
• नोंद कुणी ठेवली?
• काय मोजायचं, हे वस्तीतल्या लोकांना विचारलं का?

खोट्या यशाची किंमत वस्तीला मोजावी लागते. न चालणाऱ्या उपक्रमावर पैसा जातो आणि गरजू माणूस एकटाच राहतो.

*तुम्हाला किंवा ओळखीच्या कुणाला मदत हवी असेल, तर ‘टेलि-मानस’च्या 14416 या मोफत क्रमांकावर कधीही फोन करा.*