लिम्फोमा मज्जासंस्थेत उतरतो तेव्हा

मानेत, काखेत किंवा जांघेत न दुखणारी गाठ येणे ही लिम्फोमाची परिचित खूण. लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा हा कर्करोग असून त्याच्या अनेक प्रकारांवर आज गुणकारी उपचार आहेत. मात्र तो मेंदूत, मज्जारज्जूत किंवा त्यांच्या आवरणांत उतरला की त्याचे रूप पालटते आणि घरच्यांना ते दुसऱ्याच कशाचे तरी वाटते.

तोंड वाकडे झाले की वारे गेले असे समजून तेल चोळले जाते. शांत माणूस चिडचिडा वा विसराळू झाला की दोष वयाला. एकाचे दोन दिसले की चष्मा बदलण्याची धावपळ. सर्वांत फसवे लक्षण हनुवटी आणि खालचा ओठ बधिर होण्याचे. जबड्यातील बारीक चेतातंतूपर्यंत रोग पोचल्याची ती खूण असू शकते. पण रुग्ण दंतवैद्याकडे जातो, दात निर्दोष ठरतात आणि विषय तिथेच मिटतो. लिम्फोमा होऊन गेल्याचे त्या दंतवैद्याला कोणी सांगितलेलेच नसते! मज्जासंस्थेतील पुनरुद्भव बहुधा पहिल्या दोन वर्षांतच होतो. पाठदुखीबरोबर पायांतली शक्ती जाऊ लागली किंवा लघवी अडली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मज्जारज्जूवर दाब आलेला असल्यास पाय पुरते लुळे पडल्यावर ते सावरण्याची आशा थोडीच उरते.

मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती रक्तातली पुष्कळ द्रव्ये अडवून धरतात. एरवीचे हे संरक्षण इथे आड येते: नेहमीच्या केमोथेरपीने अंगातील गाठी विरत असताना मेंदूतल्या रोगपेशी तिच्यापासून बचावतात. म्हणून मेथोट्रेक्सेट शिरेतून मोठ्या मात्रेत किंवा थेट पाठीतील द्रवात देतात. वृषण, मूत्रपिंड वा अधिवृक्क ग्रंथीत रोग असलेल्यांना हा धोका अधिक.

निदानासाठी एमआरआयबरोबर पाठीतले पाणी तपासावे लागते, आणि इथेच नातलग अडतात. पाणी काढले की माणूस कायमचा लुळा होतो, हा समज खोलवर रुजलेला आहे. वास्तविक प्रौढांत मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, बहुधा तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमधून घालतात. नंतर काही दिवस डोके दुखू शकते. पहिल्या नमुन्यात रोगपेशी न सापडणेही नवल नाही. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा पाणी मागितले, तर तो पैसे उकळण्याचा प्रकार समजू नये. पहिल्या वेळी हुकलेले निदान पुष्कळदा दुसऱ्या नमुन्यात हाती लागते.