माकुळास गुंगी देण्याची रीत

माकूळ व अष्टपाद हे शीर्षपाद वर्गातील प्राणी होत. त्यांच्या अंगावर खवले नसतात व कातडी अतिशय नाजूक असते. भ्यालेला माकूळ शाई सोडतो, टाकीच्या भिंतीवर आदळतो आणि जखमा चिघळून पुष्कळदा दगावतो. केरळातील विझिंजम येथे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या केंद्रात माकुळाची पैदास प्रयोगादाखल करण्यात आली आहे. अशा संवर्धनात वजन घेणे किंवा जखम तपासणे यांपूर्वी प्राण्यास गुंगी देणे हिताचे असते.

यासाठी मॅग्नेशियम क्लोराइड हा क्षार वापरतात. त्याचे 75 ग्रॅम जलयुक्त (हेक्साहायड्रेट) स्फटिक ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून 1 लिटर द्रावण करावे व त्यात 1 लिटर स्वच्छ समुद्राचे पाणी मिसळावे. क्षार थेट समुद्राच्या पाण्यात टाकू नये. तसे केल्यास पाणी प्रमाणाबाहेर खारट होते व प्राण्याच्या शरीरातील पाणी बाहेर ओढले जाते. द्रावणाचे तापमान टाकीतील पाण्याइतकेच असावे व त्यात हवा सतत सोडावी.

साधारणतः दहा-बारा मिनिटांत प्राण्याचा रंग फिका पडतो, बाहू सैल होतात, श्वसन मंदावते आणि हलका चिमटा घेतला तरी तो हालचाल करीत नाही. ही लक्षणे दिसल्यावरच काम सुरू करावे व ते त्वरेने उरकावे. नंतर त्यास ताज्या, हवा सोडलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवावे. श्वसन सुरू न झाल्यास अंगावरील पिशवीसारखे आवरण हलक्या हाताने दाबावे व सोडावे, म्हणजे कल्ल्यांवरून पाणी खेळते.

हा क्षार केवळ स्नायू लुळे करतो व वेदना तशीच राहते, अशी शंका पूर्वी घेतली जाई. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मज्जातंतूंतील संदेश प्रत्यक्ष मोजण्यात आले, तेव्हा संवेदनेचे संदेशही थांबतात असे आढळले. बर्फाच्या पाण्याबाबत तसे म्हणता येत नाही. थंडीने प्राणी निपचित पडतो, परंतु निपचित पडणे म्हणजे वेदना शमणे नव्हे. युरोपीय संघाने 2010 साली प्रयोगातील प्राण्यांच्या संरक्षणाच्या नियमांत शीर्षपादांचाही समावेश केला आहे.

प्रथम एकाच प्राण्यावर द्रावण अजमावून पाहावे. औषध दिलेला प्राणी मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांच्या सल्ल्यावाचून खाण्यासाठी विकू नये.