भरल्या थव्याचा भरवसा नाही

निपाणी-चिकोडी भागात शाळू हुरड्याला आला की पिवळ्या पोटाच्या पाखरांचे थवे उतरतात. हे काळ्या डोक्याचे भारीट, आग्नेय युरोप आणि इराणकडून आलेले. त्यांची संख्या अजून चांगली आहे. त्यांच्याच कुळातल्या पिवळ्या छातीच्या भारीटाची मात्र दैना झाली.

हा गाणारा पक्षी फिनलंडपासून जपानपर्यंत नदीकाठच्या ओल्या कुरणांत घरटी करायचा आणि हिवाळ्यात दक्षिण चीन, आग्नेय आशिया व ईशान्य भारतात यायचा. १९८० ते २०१३ या काळात तो किमान ८४ टक्क्यांनी घटला. फिनलंडमधून तर नाहीसाच झाला.

सायबेरियातली बरीच कुरणं शाबूत आहेत, मग पक्षी गेले कुठे? उत्तर वाटेत सापडतं. स्थलांतरात हे भारीट रात्री मोठ्या संख्येने बोरूच्या बेटांत मुक्काम करतात. तिथे जाळी लावली की हजारो एकदम सापडतात. चीनने १९९७ मध्ये या शिकारीवर बंदी घातली, तरी चोरटी विक्री थांबली नाही. २००१ मध्ये एकट्या ग्वांगडाँग प्रांतात सुमारे दहा लाख भारीट खाल्ले गेले, असा अंदाज आहे. २०१७ मध्ये हा पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला.

विपुल आहे म्हणून सुरक्षित आहे, हा समज मला फार घातक वाटतो. म्हणून यंदा शाळूवर भारीट दिसले, तर तारीख, गाव आणि अंदाजे संख्या ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जरूर नोंदवा.