मुखांतील बुरशी : लक्षणें व निवारण

बारामती-इंदापुराकडील घरांत तान्ह्या मुलाच्या जिभेवर पांढरा थर दिसला, कीं "तोंड आलें" म्हणून उष्णतेस दोष द्यावा, आणि आजोबांनीं जेवतांना जीभ चुरचुरत असल्याचें सांगितलें, कीं मिरचीस दोष द्यावा, अशी वहिवाट आहे. वस्तुतः पुष्कळ वेळां या दोहोंचें कारण एकच, म्हणजे तोंडांत माजलेली बुरशी, असतें. एकत्र कुटुंबांत बालक व वृद्ध एकाच छपराखालीं नांदत असल्यामुळें वाचकांनीं या विषयाचा थोडा विचार करावा, असें आम्हांस वाटतें.

मुखरोगांचा विचार आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतानें ओष्ठ, दंतमूल, दंत, जिह्वा, तालु, कंठ व सर्व मुख अशीं सात स्थानें कल्पून ६५ मुखरोग वर्णिले आहेत. परंतु या विकाराच्या मुळाशीं सजीव बुरशी आहे, हें सूक्ष्मदर्शक यंत्रामुळें कळलें. इ. स. १८३९ मध्यें लांगेनबेक या जर्मन शस्त्रवैद्यानें ती एका रोग्याच्या ठिकाणीं पाहिली. १९२३ मध्यें तिच्या जातीस 'कँडिडा' हें नांव मिळालें.

ही बुरशी अनेक निरोगी माणसांच्या तोंडांत असतेच. पीक जोमांत असेपर्यंत शेतांतील तण जसें दबून राहतें, तशीच हिची गोष्ट आहे. शरीराची प्रतिकारशक्ति उणावली, जंतुनाशक औषधांनीं तोंडांतील उपकारक जंतु मेले, लाळ आटली, अथवा मधुमेहानें रक्तांतील साखर वाढली, म्हणजे ती फोफावते. दम्याच्या पंपांतील स्टेरॉइड औषध तोंडांत राहिल्यानें व रात्रंदिवस कवळी न काढल्यानेंही तिला वाव मिळतो.

मुलाच्या जिभेवरील दुधाचा थर ओल्या मऊ फडक्यानें सहज निघतो. बुरशीचा थर सहज निघत नाहीं. गालांच्या आंतील बाजूसही तो दिसतो, आणि खरवडल्यास खालीं लाल होऊन रक्त येतें. वृद्धांत कधीं पांढरेपणा मुळींच नसतो. कवळीखालील टाळू लाल होते किंवा ओठांच्या कडा फाटतात.

अशा वेळीं टाकणखाराची लाही मधांत कालवून मुलाच्या तोंडास लावण्याची जुनी चाल आतां सोडलीच पाहिजे. टाकणखार बालकास विषारी ठरतो, आणि एक वर्षाखालील मुलास मध देणें धोक्याचें आहे. थर बोटानें घासून काढणें हेंही तितकेंच अनिष्ट होय.

निवारणाचे नियम सोपे आहेत. बाटलीचें बूच व चोखणी उकळून घ्यावीं. मातेच्या स्तनाग्रांस आग होत असेल, तर माता व मूल या दोघांवरही एकदम उपचार व्हावेत. अंगावरचें दूध तोडण्याचें कारण नाहीं. पंप ओढल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकावें. कवळी रोज घासावी व निजतांना काढून पाण्यांत ठेवावी. मशेरी व तंबाखू वर्ज्य कराव्या.

औषधेंही सुलभ आहेत. अमेरिकेंतील हेझन व ब्राउन या दोन विदुषींनीं १९५० मध्यें निस्टॅटिन जाहीर केलें. तें मातींतील सूक्ष्मजीवापासून मिळालें होतें. पुढें आपल्याच पुणें जिल्ह्यांत, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यांत, डॉ. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनीं मातींतील अशाच एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन शोधून काढलें, व तेंही याच विकारावर वापरलें गेलें. मात्र औषध कोणतें व किती दिवस, हें डॉक्टरांनींच ठरवावें. बरें वाटतांच तें मध्येंच बंद करूं नये.

शेवटीं एक गोष्ट घरांतील कर्त्या मंडळींनीं विशेष ध्यानांत ठेवावी. प्रौढ माणसाच्या तोंडांत ही बुरशी वारंवार येऊं लागली, तर रक्तांतील साखर अवश्य तपासून घ्यावी. कारण मधुमेहाची पहिली सूचना कधीं कधीं येथूनच मिळते. गिळतांना दुखत असेल, मूल दूध घेईनासें झालें असेल, किंवा तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडांतील पांढरा चट्टा दोन आठवड्यांत गेला नसेल, तर बारामतीचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अथवा जवळचें सरकारी रुग्णालय गांठावें. असा चट्टा बुरशीचा नसून पुढें कर्करोगांत परिणत होणारा असूं शकतो, आणि तेथें घरगुती उपायांत घालविलेला प्रत्येक आठवडा महाग पडतो.