रविवार मिळाला, पुढे काय?

मंद्रूपहून रोज सोलापूरला कामाला जाणाऱ्या माणसाच्या रविवारी दळण, केस कापणं, गाडी धुणं, राहिलेली बिलं आणि मधल्या वेळात मोबाइल एवढं उरकतं. रात्री तोच म्हणतो, ‘सुटी कधी गेली कळलंच नाही.’ लोक याला आळस म्हणतात, ते मला पटत नाही. हा माणूस दिवसभर काही ना काही करतच होता. फक्त त्यातलं एकही काम त्यानं हौसेनं निवडलेलं नव्हतं. सुटीच्या दिवसातला निदान अर्धा वेळ आधी ठरवून स्वतःच्या मर्जीच्या एका गोष्टीला द्यावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

हा दिवस आपल्याला फुकट मिळालेला नाही. मुंबईतल्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी ठाऊकच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हॅन्ड्स असोसिएशन उभी केली आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन सरकारी आयोगापुढे ठेवलं. रविवारची सुटी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती या त्यातल्या प्रमुख मागण्या. २४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजारांवर कामगार जमले, स्त्रियाही बोलल्या, आणि १० जूनला मालकांनी रविवार मान्य केला. रविवार हा खंडोबाचा वार. सहा दिवस पोटासाठी राबल्यावर सातवा देवासाठी आणि समाजासाठी हवा, अशी लोखंड्यांची भूमिका सांगितली जाते. म्हणजे नुसतं अंग टाकायला मिळावं एवढ्यासाठी ही मागणी नव्हती.

यावर साहजिक आक्षेप असा की, दमलेल्या माणसाला झोपू द्या, त्याच्या सुटीलाही कामाला कशाला जुंपता? झोप हवीच, त्यात वाद नाही. पण कामाचा शीण कसा उतरतो, याचा अभ्यास करणाऱ्या झाबिनं झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये त्याचे चार भाग मांडले: कामाचा विचार डोक्यातून जाणं, निवांतपणा, काहीतरी नवं जमल्याचं समाधान आणि वेळ आपल्या हातात असल्याची जाणीव. पलंगावर लोळून मालकाचे मेसेज वाचणाऱ्याला यातलं काय मिळतं? अंग विसावतं, डोकं मात्र ड्यूटीवरच राहतं.

नोकरीतून उरलेल्या वेळात काय होऊ शकतं याचा दाखला सोलापूरनंच दिला आहे. आनंद कुंभार यांनी नोकरी सांभाळून शिलालेख शोधले, वाचले. मंद्रूपच्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, जिथं भीमेला सीना मिळते त्या हत्तरसंग कुडलला, संगमेश्वर मंदिरातला शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख त्यांनी उजेडात आणला. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. कुडललाच एका मोठ्या शिवलिंगावर शेकडो छोटी मुखं कोरलेली आहेत. जवळ जाऊन बघितलं तर प्रत्येक मुखावर कारागिराचा हात वेगळा फिरलेला दिसतो. प्रत्येकानं संशोधक व्हावं असं नाही. भजनी मंडळ, विहिरीतलं पोहणं, पोरांना बुद्धिबळ शिकवणं, काहीही चालेल. फक्त ते शनिवारीच ठरलेलं असावं, नाहीतर रविवार दळणात जातोच.

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे: सुटी असते कुणाला? सोलापूरची विडी कामगार बाई हजार विड्यांच्या दरानं मजुरी घेते. तिनं हात थांबवला की पैसेही थांबतात. शेतकऱ्याच्या जनावरांना रविवार कळत नाही. आणि नोकरदाराच्या घरात त्याच्या सुटीलाच मटण, पाहुणे आणि भांड्यांचा ढीग, म्हणजे बायकोचा कामाचा दिवस दुप्पट. पहिल्या दोघांची अडचण वेळेच्या नियोजनानं सुटणारी नाही, त्यासाठी मजुरीच्या दरांबद्दल आणि शेतमालाच्या भावांबद्दलच बोललं पाहिजे. तिसरी मात्र घरातल्या घरात सुटते. रविवारी सकाळचा स्वयंपाक पुरुषांनी करावा, डबा भरावा आणि सगळ्यांनी मिळून कुडल गाठावं. उन्हाळ्यात दहाच्या आत पोहोचा, पाणी सोबत घ्या, आणि परत आल्यावर डबे कुणी घासायचे ते निघण्याआधीच ठरवा.